मूळ कोणतें व प्रत कोणती ? : रोदँच्या मूर्तींचीं प्रदर्शनें व त्यांच्या सूची

आधुनिक मूर्तिकारांचीं प्रदर्शनें व त्यांच्या छापील सूची हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. पोथ्या, सनदा, महजर व ताम्रपट यांच्या शोधांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस पॅरिस येथील एका मूर्तिकाराच्या ब्राँझशीं काय कर्तव्य, असें कोणीही विचारील. परंतु हातीं आलेली वस्तु मूळ कीं नक्कल, आणि नक्कल असल्यास ती केव्हांची, कोणाच्या हातची व कोणत्या आदर्शावरून उतरलेली, या प्रश्नावांचून आमच्या शास्त्राचें पाऊल पुढें पडत नाहीं. आणि नेमका हाच प्रश्न ओग्यूस्त रोदँ (१८४०–१९१७) या फ्रेंच मूर्तिकाराच्या कृतींविषयीं वादाचा होऊन बसला आहे. त्याचा निर्णय करण्याचें मुख्य साधन म्हणजे प्रदर्शनाची व संग्रहाची वर्णनात्मक सूचि होय. म्हणून त्या सूचींचा इतिहास येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

प्रथम मूर्ति घडण्याची रीत ध्यानांत घेतली पाहिजे. रोदँ स्वतः मातीची मूर्ति घडवी. तीवरून सांचा घेऊन प्लास्टरची मूर्ति काढीत. आकार वाढवावयाचा असल्यास तें काम आंरी लबोसे हा कुशल कारागीर यंत्राच्या साह्यानें करी. मग त्या प्लास्टरवरून ब्राँझ ओतण्याचें काम बाहेरच्या ओतशाळेकडे जाई. प्लास्टर शाबूत आहे तोंवर एकीमागून एक प्रती काढतां येतात. पहिली प्रत काढल्यानें दुसरीचा मार्ग खुंटत नाहीं. आमच्याकडील मधूच्छिष्टविधान याहून वेगळें. चालुक्य नृपति सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचविलेल्या ‘मानसोल्लासां’त तें वर्णिलें आहे. मेणाच्या मूर्तीवर मातीचें लेपन करावें, मेण वितळवून काढावें, त्या पोकळींत धातु ओतावा व शेवटीं माती फोडावी, असा तो विधि. त्यांत मेणही उरत नाहीं व सांचाही उरत नाहीं. म्हणून दक्षिणेंतील नटराज एकेकटाच असतो.

मद्रास येथील संग्रहालयांतील नटराजाचीं छायाचित्रें रोदँच्या पाहण्यांत आलीं व त्यांवर त्यानें एक निबंध लिहिला. शैव मूर्तींविषयींच्या एका सचित्र ग्रंथांत तो १९२१ सालीं, म्हणजे त्याच्या मरणानंतर, प्रसिद्ध झाला. त्याच ग्रंथांत आनंद कुमारस्वामी व हॅवेल यांचेही लेख आहेत. ज्याच्या स्वतःच्या मूर्ती प्रतीमागून प्रत अशा जगभर पसरल्या, त्यानें ज्या मूर्तीस दुसरी प्रतच नाहीं तिचें गुणवर्णन करावें, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

अस्सल-नकलेच्या वादानेंच रोदँची कीर्ति सुरू झाली. १८७७ सालीं त्यानें ‘ब्राँझयुग’ नांवाची पुरुषमूर्ति प्रथम ब्रुसेल्स येथें व मग पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनांत मांडली. ती इतकी हुबेहूब उतरली होती कीं, ही घडविलेली नसून जिवंत मनुष्याच्या अंगावरून सांचा घेऊन काढलेली आहे, असा आरोप झाला. ज्या बेल्जियन शिपायास समोर उभा करून मूर्ति घडविली त्याचीं छायाचित्रें रोदँनें पुराव्यादाखल हजर केलीं. पुढें १८८० सालीं फ्रेंच सरकारनें ती मूर्ति विकत घेतली, तेव्हां तो आरोप मिटला.

१८८९ सालीं चित्रकार मोने व रोदँ या दोघांचें एकत्र प्रदर्शन झॉर्झ पेती याच्या दालनांत भरलें. त्याच्या सूचींत मोनेचीं १४५ चित्रें व रोदँच्या ३६ कृती होत्या. पैकीं रोदँवरील प्रस्तावना गुस्ताव्ह जेफ्रुआ यानें लिहिली. १९०० सालच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळीं आल्मा चौकांत रोदँनें कर्ज काढून स्वतःचा मंडप उभारला व त्यांत सुमारें दीडशें मूर्ती मांडल्या; त्यांत प्लास्टरच्याच अधिक. त्या सूचीस कारिएर, लोरां, मोने व बेनार या चार चित्रकारांनीं प्रस्तावना लिहिल्या. या दोन्ही सूची कर्त्याच्या हयातींतल्या आहेत. त्यांचा हेतु मूर्तिकाराची थोरवी पटवून देण्याचा होता. परंतु अमुक सालीं अमुक कृति लोकांसमोर आली होती, याचा समकालीन दाखला म्हणून आज त्यांस दानपत्राची किंमत आली आहे.

१९१६ सालीं रोदँनें आपल्या सर्व कृती व संग्रह फ्रेंच राष्ट्रास अर्पण केला, आणि त्याबरोबरच मूर्तींच्या प्रती काढण्याचा हक्कही दिला. ‘ओतेल बिराँ’ नांवाच्या वाड्यांत १९१९ सालीं त्याचें संग्रहालय उघडलें. पुण्यास भांडारकर संस्थेनें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें तेंही याच सालीं. दोहों ठिकाणीं प्रश्न एकाच जातीचा होता. अनेक प्रती समोर आहेत. त्यांत मुळाच्या जवळची कोणती? भेद इतकाच कीं, पुण्याच्या पंडितांस जुन्या प्रती मिळवावयाच्या होत्या, तर पॅरिसच्या संग्रहालयास नव्या प्रती काढण्याचा कायदेशीर अधिकार होता.

या अधिकाराचें सर्वांत मोठें उदाहरण ‘नरकद्वार’ हें होय. नियोजित संग्रहालयाच्या दरवाजासाठीं सरकारनें १८८० सालीं हें काम सांगितलें. तें संग्रहालय मात्र उभें राहिलें नाहीं. सुमारें सहा मीटर उंचीच्या या द्वारावर दीडशेंहून अधिक आकृति आहेत. १९०० च्या प्रदर्शनांत तें मांडलें, तेव्हां बहुतेक आकृति त्यावर बसविलेल्याच नव्हत्या. संपूर्ण प्लास्टर जुळविलें गेलें तें १९१७ सालीं, संग्रहालयाचा पहिला अधिकारी लेआँस बेनेदित याच्या देखरेखीखालीं. आणि ब्राँझमध्यें तें कर्त्याच्या हयातींत एकदांही ओतलें गेलें नाहीं. पहिल्या प्रतींपैकीं एक फिलाडेल्फिया येथील ज्यूल्स मास्टबाम या धनिकानें मागविली. ती तेथील रोदँ संग्रहालयांत आहे. तें संग्रहालय १९२९ सालीं उघडलें, तत्पूर्वींच मास्टबाम वारला होता. म्हणजे ज्यास आपण रोदँचें नरकद्वार म्हणतों त्याचे अवयव रोदँचे, शेवटची जुळणी बेनेदितच्या देखरेखीखालची, व धातु मरणोत्तर. नाथांनीं शके १५०६ मध्यें शुद्ध केलेली ज्ञानेश्वरी ज्यांनीं अभ्यासिली आहे त्यांस या स्थितीचें नवल वाटणार नाहीं. शोधकाचा हात लागला म्हणून ग्रंथ टाकाऊ होत नाहीं. पण तो हात कोणाचा व कोठें लागला, हें सांगितलेंच पाहिजे.

कालनिर्णयाची दुसरी अडचण ओताऱ्याच्या शिक्क्याची. रोदँच्या पुष्कळ ब्राँझ मूर्तींवर ‘आलेक्सी र्‍यूदिए, ओतारी, पॅरिस’ अशी मुद्रा असते. आलेक्सी १८९७ सालींच वारला. त्याचा पुत्र यूजेन यानें बापाचेंच नांव व मुद्रा पुढें चालविली. १९०२ पासून रोदँचें बरेंच काम त्याच्याकडे आलें, व १९५२ सालीं तो वारला तोंपर्यंत ही मुद्रा चालू होती. तेव्हां केवळ मुद्रेवरून मूर्ति हयातींतील कीं मरणोत्तर, हें ठरत नाहीं. पोथ्यांच्या संग्राहकांस हा फसवा मार्ग चांगला ठाऊक आहे. लेखक आदर्श प्रतीची पुष्पिका तिच्या शकासह जशीच्या तशी उतरून ठेवतो, आणि पुढचा वाचक तो शक हातांतल्या पोथीचाच समजतो. कागद, शाई, अक्षराचें वळण व मालकीची परंपरा यांची साक्ष घेतल्यावांचून पुष्पिकेवर विसंबूं नये, हा आमचा नियम ब्राँझासही तंतोतंत लागू आहे.

एका मूर्तीस अनेक काल कसे असतात हें ‘विचारमग्न’ या प्रसिद्ध मूर्तीवरून दिसेल. तिची कल्पना १८८० च्या सुमारास नरकद्वारासाठीं झाली. तिचें मोठें रूप १९०४ सालीं लोकांसमोर आलें, १९०६ सालीं तें पॅरिसच्या पांतेआँ या इमारतीपुढें बसविलें, आणि १९२२ सालीं तेथून संग्रहालयाच्या बागेंत हलविलें. आतां एखाद्या सूचींत या मूर्तीच्या मरणोत्तर प्रतीपुढें नुसतें ‘१८८०’ असें छापिलें, तर तें खोटें नव्हे. पण वाचकाची फसगत मात्र निश्चित होते.

सूचींच्या वाढीचा पुढील टप्पा झॉर्झ ग्राप याचा. त्यानें पॅरिसच्या संग्रहालयाची सूचि १९२७ सालीं छापिली व १९४४ पर्यंत तिच्या सुधारलेल्या आवृत्ती काढल्या. मूर्तींचा कालानुक्रम लावण्याचा तो मोठा प्रयत्न होता. त्यांतील कांहीं साल पुढील संशोधनानें बदलावे लागले, तरी पाया त्यानेंच घातला. फिलाडेल्फियाच्या संग्रहाची विस्तृत सूचि जॉन टँकॉक यानें १९७६ सालीं प्रसिद्ध केली. आंत्वानेत ल नॉर्मां-रोमँ या विदुषीनें पॅरिसच्या संग्रहालयांतील ब्राँझ मूर्तींची दोन खंडांची सूचि २००७ सालीं काढली. तींत कृतीचा इतिहास व ओतकामाचा इतिहास या दोहोंस आपापली जागा दिली आहे. स्तुतिपर प्रस्तावनेपासून प्रतींच्या वंशावळीपर्यंत हा प्रवास शंभरांहून अधिक वर्षांचा आहे.

मध्यंतरीं १९८१ सालीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंत रोदँचें मोठें प्रदर्शन भरलें. त्यासाठीं कूबेर्ताँ ओतशाळेनें मेणाच्या रीतीनें नरकद्वाराची अगदीं नवी प्रत ओतली, व ती ओतण्याचा चलच्चित्रपटही तेथें दाखविला. कर्ता जाऊन चौसष्ट वर्षें झालीं असतां ताजें निघालेलें ब्राँझ अस्सल कसें, असा वाद त्यावर माजला. फ्रान्समध्यें एका मूर्तीच्या बारा प्रतींपर्यंतच ‘मूळ’ ही संज्ञा मानतात; आणि १९८१ च्याच एका आज्ञेनें इतर नकलांवर ‘पुनरुत्पादन’ हा शब्द ठळक घालणें सक्तीचें झालें. आमच्या मतें बारा हा आंकडा व्यवहाराची सोय आहे, शास्त्राचा निर्णय नव्हे. बारावी प्रत मूळ व तेरावी नक्कल, हा भेद ब्राँझाच्या अंगांत नसतो. परंतु त्या प्रदर्शनाच्या ग्रंथांत शिल्पांतील मूळ म्हणजे काय यावर स्वतंत्र निबंध घातला होता, हें त्याचें मोठें श्रेय. प्रत नवी आहे हें ज्यानें उघड सांगितलें, त्यावर लबाडीचा आरोप येत नाहीं.

उलट प्रकार २००१ सालीं कॅनडांत घडला. टोरांटो येथील रॉयल आँटॅरिओ संग्रहालयांत रोदँचीं म्हणून प्लास्टरें व त्यांवरून ओतलेल्या ब्राँझ मूर्ती मांडल्या गेल्या, व पॅरिसच्या संग्रहालयानें त्यांच्या अस्सलपणाविषयीं जाहीर हरकत घेतली. प्लास्टर हेंच आदर्श प्रतीच्या जागीं असतें. तें कोणाच्या हातून कोणाच्या हातीं आलें याची सांखळी तुटली, म्हणजे वरची प्रत कितीही सुबक असो, तिचें प्रामाण्य डळमळतें. या वादांत लाखो डॉलरांच्या वस्तु अडकल्या होत्या हें खरें. पण त्याहून मोठी हानि ही कीं, पाहणारा कोणाची कृति पाहून घरीं गेला, हें त्याचें त्यासच कळेनासें झालें.

आतां आमच्या घरचें पाहूं. परिषदा व संमेलनें यांच्या प्रसंगीं पोथ्या व दफ्तरें मेजावर मांडण्याचा प्रघात आहे. शेजारच्या चिठीवर ‘ज्ञानेश्वरी, शके १२१२’ एवढेंच लिहिलें, तर तो ग्रंथाचा रचनाकाल झाला; खालची पोथी पेशवाईंतील असूं शकेल. ही चूक आणि ‘विचारमग्न, १८८०’ ही चूक एकच. म्हणून प्रत्येक वस्तूपुढें चार गोष्टी नेमानें लिहाव्या : रचनेचा काल, ज्या आदर्शावरून प्रत उतरली तो आदर्श, प्रतीचा काल व ती उतरणाऱ्याचें नांव, आणि आजवरच्या मालकांची परंपरा. यांपैकीं जें ठाऊक नसेल तेथें ‘अज्ञात’ असें स्पष्ट लिहावें, जागा मोकळी सोडूं नये. कारण मोकळी जागा पुढचा मनुष्य अंदाजानें भरतो, व कालांतरानें तोच अंदाज पुरावा म्हणून पुढें येतो.

प्रदर्शन चार दिवसांनीं उठतें व वस्तु ज्याच्या त्याच्या घरीं जातात. पुढील संशोधकाच्या हातीं येते ती सूचि. ती करतांना चार रात्रींचें जागरण अधिक पडलें तरी चालेल, पण ती चिठ्यांच्या भरंवशावर छापूं नये, अशी संग्राहक बंधूंस आमची विनंति आहे.