व्यायामयंत्राचें पूर्वचरित्र

गेल्या पावसाळ्यांत आमच्या घरीं एक मोठें खोकें आलें. लिफ्ट बंद असली म्हणजे तीन जिने चढतांना आमचा दम मध्येंच संपूं लागला होता, आणि डॉक्टरांनीं रोज नियमानें चालण्याचा सल्ला दिला होता. परंतु पावसाळ्यांत रस्ते चालण्याजोगे राहत नाहींत, आणि आमचे गुडघे डांबरी रस्त्याचा आघात सोसण्यास राजी नाहींत, हें पाहून आमच्या मुलीनें 'इलिप्टिकल' या नांवाचें व्यायामयंत्र मागविलें. खोक्याचें वजन साठ किलोंच्या आसपास होतें. तें लिफ्टच्या दारांतून आंत जाईना, तेव्हां दोन हमालांनीं तें खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आणून ठेविलें. ते घाम पुसून पाणी प्याले व मजुरी घेऊन गेले. ज्या श्रमांचा आमच्या शरीरास अभाव झाला म्हणून हें यंत्र विकत घ्यावें लागलें, तेच श्रम तें वर आणतांना त्या दोघांच्या वांट्यास पोटासाठीं आले होते. ही विसंगति आमच्या मनांतून जाईना. आणि यंत्र जोडून होतांच आम्ही त्याचें पूर्वचरित्र धुंडाळूं लागलों.

प्रथम जोडणीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. खोक्यांतून मुख्य सांगाडा, खालचे दोन आडवे पाय, एक उभा खांब, लांब दांडे, दोन पेडलें, दोन मुठी आणि नट, बोल्ट व वायसर यांच्या पुड्या असा सरंजाम निघाला. सोबतच्या पुस्तिकेंत शब्द थोडे व आकृत्या फार. पहिली चूक आमच्या हातून झाली. हातीं येईल तो बोल्ट आम्ही घट्ट आवळीत गेलों. त्यामुळें खांबाचीं शेवटचीं भोकें समोरासमोर येईनात आणि सर्व पुन्हां सैल करावें लागलें. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी सगळे बोल्ट नुसते बोटांनी फिरवून बसवा. आवळायचं मागाहून." दुसरी चूक होतां होतां टळली. डाव्या पेडलाचा बोल्ट कितीही फिरविला तरी आंत जाईना. आम्ही पान्यानें जोर करणार, इतक्यांत त्याच्या माथ्यावरील खूण दिसली. त्याचे आटे उलटे होते. सायकलच्या डाव्या पेडलाचे आटेही असेच उलटे असतात. ते सरळ ठेविले तर पाय चालतां चालतां पेडल हळू हळू सैल होत जातें.

यंत्राच्या पोटांत एक जडचाक असून त्याच्याजवळ लोहचुंबक बसविलेला असतो. चुंबक जवळ आला कीं फिरत्या धातूंत विजेचे भोवरे उत्पन्न होतात आणि ते चाकाच्या गतीस विरोध करतात. बाहेरची गुंडी पिळून हा विरोध कमीअधिक करतां येतो. पेडलाच्या दांड्याचें एक टोंक चाकाच्या भुजेबरोबर वर्तुळांत फिरतें व दुसरें एका उथळ कमानींत मागेंपुढें होतें. या दोहोंच्या मधील बिंदु जी लांबट आकृति काढतो ती काटेकोर भूमितीच्या दृष्टीनें लंबवर्तुळ नव्हे; तथापि यंत्रास नांव पडलें तें तिच्यावरूनच. पाऊल पेडलावरून उचललें जात नाहीं, म्हणून धांवतांना दर पावलास देहाच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जो भार पायांवर आदळतो, तो येथें टळतो.

हातापायांनीं मिळून चालविण्याच्या अशा यंत्राचा एक जुना पूर्वज लंडन शहरीं सांपडतो. सन १७९६ मध्यें फ्रान्सिस लाउंड्स यानें 'जिम्नॅस्टिकॉन' नांवाच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्यांत पायांसाठीं पावट्या, हातांसाठीं फिरते दांडे आणि त्यांस जोडणारें चाक अशी योजना होती. दुखण्यानें किंवा बैठ्या धंद्यानें ज्यांचे अवयव शिथिल झाले आहेत, अशांसाठीं तें होतें. तो काळ लक्षांत घेण्याजोगा आहे. वॅटचें वाफेचें एंजिन इंग्लंडांतील गिरण्यांतून मनुष्याच्या व घोड्याच्या बळाची जागा घेऊं लागलें होतें. श्रम हरण करणारें यंत्र आणि श्रम परत देणारें यंत्र हीं एकाच पिढीचीं भावंडें होत.

परंतु लाउंड्सचा वंश फारसा वाढला नाहीं. वाढला तो दुसरा, आणि तो तुरुंगांत. सन १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट या इंग्रज एंजिनिअरानें कैद्यांसाठीं एक प्रचंड चाक योजिलें. त्याच्या परिघावर लांब पायऱ्या असत. कैदी कठड्यास धरून एका रांगेंत उभे राहत व पायाखालची पायरी खालीं जाई तसतसे वरच्या पायरीवर चढत. चढावयाचें अखंड, परंतु पोंचावयाचें कोठेंच नाहीं! १८२१ मध्यें लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगांत हें चाक बसलें आणि तेथून त्याचा प्रसार झाला. आज व्यायामशाळांतून ज्यास 'ट्रेडमिल' म्हणतात, तें नांव मूळ या चाकाचें. त्याचा अर्थ तुडविण्याची चक्की. कांहीं तुरुंगांत तीवर खरोखर धान्य दळलें जाई, कोठें पाणी वर चढे. परंतु कित्येक ठिकाणीं ती केवळ हवा कापणाऱ्या पंख्यास जोडलेली असे. कैदी यास वारा दळणें म्हणत. १८९५ मध्यें सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डसारख्या साहित्यिकाच्याही वांट्यास हें चाक आलें होतें.

याहून क्रूर यंत्र म्हणजे कोठडींतील दांडा. वाळू भरलेल्या पेटींत वल्ह्यासारखें पातें असे व कैद्यानें बाहेरचा दांडा फिरवून तें वाळूंतून ओढावयाचें. किती फेरे झाले तें तबकडी दाखवी. आणि पहारेकऱ्यास वाटलें तर तो पेच आवळून दांडा अधिक जड करी. इंग्रजी बोलींत तुरुंगाच्या शिपायास 'स्क्रू' म्हणजे पेच असें म्हणतात, त्याचा उगम पुष्कळांच्या मतें येथें आहे. १८५३ मध्यें बर्मिंगहॅमच्या तुरुंगांत एका पंधरा वर्षांच्या मुलास दिवसास दहा हजार फेरे नेमून दिले होते. मांसाचा एक तुकडा चोरल्याबद्दल तो आंत आला होता. फेरे पुरे झाले नाहींत कीं अन्न तोडावें, अंगावर पाणी ओतावें, जखडून ठेवावें, असा क्रम चालला. अखेर त्यानें कोठडींतच गळफास घेतला. त्यावर चौकशी-आयोग बसला. चार्ल्स रीड यानें १८५६ मध्यें त्या प्रकरणावर कादंबरी रचली. तथापि हीं यंत्रें तुरुंगांतून हटविण्यास १८९८ चा कायदा यावा लागला.

आमच्या यंत्राचीं अंगें आतां वाचकांनीं पुन्हां आठवावींत: विरोध वाढविण्याची गुंडी, फेरे मोजणारी तबकडी, आणि ज्यांतून कांहींच दळलें जात नाहीं असें चाक. एक लोहचुंबक सोडला तर बर्मिंगहॅमच्या त्या कोठडींत नव्हतें असें यांत फारसें कांहीं नाहीं.

मग हीच रचना शिक्षेची चिकित्सा कशी झाली? याचें श्रेय मुख्यतः स्वीडनकडे जातें. तेथें पेर हेन्रिक लिंग यानें १८१३ मध्यें स्टॉकहोम येथें व्यायामशिक्षणाची सरकारी संस्था स्थापिली होती. त्याच्या पद्धतींत शिक्षक आपल्या हातानें रोग्याच्या अवयवांस मोजका विरोध करी. गुस्ताफ झांडर (१८३५-१९२०) हा तरुण मुलींच्या शाळेंत व्यायाम शिकवीत असतां त्याच्या ध्यानीं आलें कीं, इतक्या विद्यार्थिनींस पुरतील इतके हात एका शिक्षकास नाहींत. तेव्हां शिक्षकाच्या हाताचें काम त्यानें तरफ व वजन यांवर सोंपविलें आणि १८६५ मध्यें स्टॉकहोम येथें सत्तावीस यंत्रांची संस्था उघडली. प्रत्येक यंत्र एकेका स्नायुसमूहासाठीं असून विरोध अंशाअंशानें वाढवितां येई. कांहीं यंत्रें मनुष्य चालवी. कांहीं वाफेवर चालून मनुष्यास हलवीत, थोपटीत व डोलवीत. यंत्रानें आपल्याऐवजीं व्यायाम करावा, ही सुखवस्तु माणसाची आशा त्यांत पुरी झाली! १९१२ मध्यें बुडालेल्या 'टायटॅनिक' बोटीवरील व्यायामशाळेंत विजेवर चालणारा घोडा व उंट होते, ते याच परंपरेंतील.

ही लाट महाराष्ट्रासही लागली. औंधचे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं १८९७ मध्यें जगप्रसिद्ध मल्ल सँडो याचीं साधनें व पुस्तकें मागवून सुमारें दहा वर्षें त्याच्या पद्धतीनें मेहनत केली. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले. १९०९ मध्यें गादीवर आल्यानंतर त्यांनीं नमस्कारांचा आपल्या संस्थानांत व बाहेर जन्मभर प्रचार केला. नमस्कारास साडेतीन हात जागेपलीकडे साहित्य लागत नाहीं. साधनें होतीं, ऐपत होती, अभ्यासही झाला होता. आणि तरी एका राजानें साधनांवांचूनचा व्यायाम निवडला, हें यंत्र घेणाऱ्या आमच्यासारख्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत यंत्रास पुन्हां मान मिळाला, त्यास हृदयविकाराचें भय कारण झालें. जेरेमी मॉरिस व त्याचे सहकारी यांनीं १९५३ मध्यें लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ड्रायव्हर दिवसभर बसून राही. कंडक्टर तिकिटांसाठीं रोज शेंकडों पायऱ्या चढे-उतरे. आणि हृदयविकाराचें प्रमाण कंडक्टरांत बरेंच कमी आढळलें. पुढें रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरानें चालत्या पट्ट्यावर हृदयाची परीक्षा करण्याची पद्धति बसविली. १९६८ मध्यें केनेथ कूपर याचें 'एरोबिक्स' निघालें, आणि तें वाचून विल्यम स्टॉब या एंजिनिअरानें घरांत ठेवण्याजोगी स्वस्त ट्रेडमिल बनविली. चढणें हें ज्या चाकाचें काम होतें, त्याचें नांव आतां धांवण्याच्या पट्ट्यास मिळालें. १९९५ मध्यें अमेरिकेंतील प्रीकोर कंपनीनें इलिप्टिकल बाजारांत आणलें. मोटारींतून मुलीच्या धांवण्याचें चित्रण करतांना एका बापास तिच्या पावलांची लांबट वाट दिसली व त्यांतून ही कल्पना निघाली, अशी गोष्ट सांगतात.

कोणी म्हणेल कीं, शिक्षेचें यंत्र घरांत आणून त्यावर स्वखुशीनें चढणें हें वेडेपणाचें आहे. आमच्या आजीच्या जात्यानें पीठ पडत होतें, रहाटानें पाणी येत होतें. आमच्या चाकानें काय होतें? हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. जातें गिरणीनें नेलें यांत आमच्या आजीस दुःख झाल्याचें आम्हांस आठवत नाहीं. पहांटेचें तें दळण तिच्या आवडीनिवडीवर नव्हतें. खोक्याखालीं वांकलेले ते हमालही आवडीनें जिना चढले नव्हते. त्यांस तरी आयता व्यायाम घडतो, असें समाधान आम्ही मानीत होतों. परंतु तेंही खरें नाहीं. अलीकडील संशोधनांतून असें दिसून येऊं लागलें आहे कीं, फावल्या वेळच्या व्यायामानें हृदयास जो लाभ होतो, तो दिवसभराच्या जड मजुरीनें होईलच असें नाहीं. मजुराच्या श्रमांचा वेग, वेळ व विसांवा हे त्याच्या हातीं नसतात. बर्मिंगहॅमचा तो मुलगा आणि आम्ही यांच्यामध्यें अंतर आहे तें एवढेंच कीं, त्याच्या यंत्राचा पेच दुसऱ्याच्या हातीं होता आणि आमचा आमच्या हातीं आहे. हें अंतर लहान नव्हे. त्यासाठीं माणसांना कायदे बदलावे लागले.

मात्र ज्याच्या हातीं पेच, त्याच्यावरच सगळी जबाबदारी येते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांस आठवड्याकांठीं १५० ते ३०० मिनिटें मध्यम व्यायाम सांगितला आहे. आम्ही दहा मिनिटांपासून आरंभ केला आणि आतां अर्ध्या तासावर आलों आहों. पाठ ताठ ठेवावी, मुठींवर भार टाकूं नये, आणि बोलतां येईल पण गातां येणार नाहीं इतपत श्वास चढूं द्यावा, एवढे नियम आम्ही पाळतों. आठ-पंधरा दिवसांनीं बोल्ट पुन्हां आवळून पाहावे लागतात. मध्यंतरीं एक आठवडा आमच्या हातून खंड पडला, तेव्हां यंत्राच्या मुठींवर ओले टॉवेल वाळत पडले. ते काढून आम्ही पुन्हां वर चढलों. घरांतल्या मंडळींनीं त्यावर कांहीं भाष्य केलें नाहीं.

दिवाळीपूर्वीं घरांत एक कपाट आलें. तेच दोन हमाल होते. या वेळीं मात्र सामानाच्या लिफ्टची सोय आम्ही आधींच करून ठेविली होती.