इंजिन बदलले, ठिणगीचे काय?

कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की श्रोते बोनस, महागाई आणि संप यांची वाट पाहतात. आज त्यांची थोडी निराशा होईल. मोटारीच्या इंजिनात जी ठिणगी पडते तिची हकिगत मला सांगायची आहे. तथापि ही ठिणगी मजुरीच्या हिशेबापासून फार दूर नाही.

१९८६-८७ च्या सुमारास मी मुंबईतल्या एका गॅरेजात हेल्पर होतो. गॅरेजाचे नाव सांगण्यात हशील नाही. एका हौशी गृहस्थांची जुनी इंग्रजी गाडी आली. तिचे मूळ इंजिन निकामी झालेले, म्हणून दुसऱ्याच गाडीचे इंजिन कॉइलसकट आणून तिच्यात बसविले. उस्तादांनी माउंटिंग जुळविले, गिअरबॉक्स जुळविली आणि वायरिंग माझ्या स्वाधीन केले. स्विचकडून येणारी जुनी तार मी नव्या कॉइलला जोडली. इंजिन पहिल्या हाकेला सुरू झाले, सगळ्यांनी चहा घेतला. चौथ्या दिवशी तीच गाडी दोरीने ओढत परत आली. कॉइलला हात लावता येईना, आणि पॉइंट जळून निळे पडले होते. कॉइलची किंमत माझ्या पगारातून दोन हप्त्यांत कापली गेली.

चूक कोणाची, हा प्रश्न तेव्हा डोक्यात शिरला. उत्तर शोधताना मला बरेच मागे जावे लागले.

इंजिन आधी आणि ठिणगी नंतर, असा आपला समज असतो. वस्तुतः दोन्ही बरोबरच चालत आली. १८६० साली पॅरिसमध्ये लेन्वारने आपले गॅसचे इंजिन विजेच्या ठिणगीनेच पेटविले. परंतु ती ठिणगी भरवशाची नव्हती. म्हणून डाइमलर आणि मायबाख यांनी १८८० नंतरच्या आपल्या इंजिनात वीज बाजूला ठेवून तापलेल्या नळीचा आश्रय घेतला. बाहेरून दिव्याने नळी लालभडक करायची आणि आतले मिश्रण तिच्या धगीने पेटायचे. पेट्रोलशेजारी उघडी ज्योत, आणि ते नेमके केव्हा पेटवायचे हे आपल्या हाती नाही, असा तो प्रकार होता. कार्ल बेंझने मात्र विजेची कास सोडली नाही.

त्याच्या पत्नीची, बर्था बेंझची गोष्ट मला फार आवडते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन ती मानहाइमहून फोर्झहाइमला मोटारीने गेली. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. इग्निशनच्या तारेवरचे आवरण झिजून वीज गळू लागली, तेव्हा मोज्याचा पट्टा काढून तारेला गुंडाळला. मोटारीच्या वायरिंगची रस्त्यावर दुरुस्ती करणारी पहिली व्यक्ती म्हणून जिची नोंद सापडते, ती ही एक गृहिणी होय. आमच्या धंद्यातल्या लोकांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

१८८६ हे साल तर ध्यानात ठेवण्याजोगेच आहे. जानेवारीत बेंझने पेटंटचा अर्ज केला, मे महिन्यात शिकागोचे कामगार आठ तासांच्या दिवसासाठी रस्त्यावर उतरले, आणि नोव्हेंबरात रॉबर्ट बॉशने श्टुटगार्टमध्ये आपला लहानसा कारखाना थाटला. बॅटरीवाचून स्वतःच वीज निर्माण करणारा मॅग्नेटो हा बॉशचा माल. १९०२ साली त्याच्या कारखान्यातील होनोल्ड या अभियंत्याने उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा स्पार्क प्लग सिद्ध केला, आणि ठिणगी भरवशाची झाली. लाखावा मॅग्नेटो तयार झाला त्या १९०६ साली बॉशने आठ तासांचा दिवस लागू केला. हे मालकाचे औदार्य म्हणून सांगतात. असेलही. पण त्याच कारखान्यात १९१३ साली मोठा संप झाला, हे त्याबरोबर सांगत नाहीत.

मॅग्नेटोला एक खोड होती. इंजिन हळू फिरत असेल तर ठिणगी दुबळी पडे, आणि इंजिन सर्वांत हळू फिरते ते नेमके सुरू करताना. हँडल मारताना टायमिंग पुढे राहिले तर हँडल उलटून मनगट मोडे. अमेरिकेतल्या डेटन गावच्या चार्ल्स केटरिंगने यावर उपाय काढला. १९१० च्या कॅडिलॅकसाठी त्याने बॅटरीवर चालणारी इग्निशन दिली आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ बसविला.

केटरिंगची युक्ती आपल्या पिढीने रोज वापरली. कॉइलमध्ये एकावर एक दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेचे काहीशे वेढे आणि केसासारख्या तारेचे हजारो. जाड तारेतून बॅटरीची वीज वाहते. पॉइंट उघडले की ती तुटते, आणि त्या तुटण्याच्या क्षणी बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब उसळतो. ठिणगी जोडण्याने पडत नाही, तोडण्याने पडते. कंडेन्सर पॉइंटवरची आग आवरतो आणि डिस्ट्रिब्युटर ज्याच्या त्याच्या पाळीने प्लगांना वीज वाटतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेते तेव्हा सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात.

आता सेल्फ आला आणि नवी अडचण उभी राहिली. सेल्फ बॅटरीतून एवढी वीज ओढतो की बारा व्होल्टचे नऊ-दहा होतात, आणि ऐन गरजेच्या वेळी कॉइल उपाशी राहते. म्हणून पुढे कमी दाबावर चालणारी कॉइल निघाली. तिच्या वाटेत एक रोधक बसवायचा. सुरू करताना रोधक टाळून बॅटरी थेट जोडायची, आणि इंजिन चालू झाले की वीज रोधकातून सोडायची. पुष्कळ गाड्यांत हा रोधक वेगळा दिसतही नाही, कारण वायरिंगमधली एक तारच रोधाची असते.

आमच्या गाडीचे मर्म इथे होते. कॉइल रोधकाची आणि वायरिंग बिनरोधकाचे. कॉइलचा रोध दीड ओहम आणि रोधकाचाही तेवढाच धरला, तर रोधक गाळल्यावर प्रवाह दुप्पट होतो आणि कॉइलमधली उष्णता चौपट. दुसराही घोटाळा मी केला होता. त्या इंग्रजी गाडीचे धन टोक बॉडीला होते. अशा गाडीत कॉइलच्या तारा उलट जोडाव्या लागतात, एरवी ठिणगी उलट्या दिशेने पडते आणि तिला जास्त दाब लागतो. इंजिन चालते, म्हणून कोणाला संशय येत नाही.

अमेरिकेत जुन्या गाडीत नवे इंजिन घालण्याचा छंद मोठा. शेव्हरोलेचे १९५५ चे आठ सिलिंडरांचे इंजिन तर फोर्डच्या गाड्यांतही बसविले गेले. तिथे नेमकी उलटी फजिती होते. १९७४-७५ पासून जनरल मोटर्सने पॉइंटवाचून चालणारी इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिली, तिला पूरे बारा व्होल्ट लागतात. ती जुन्या रोधाच्या तारेवर जोडली की गाडी उभ्या जागी छान चालते आणि वेग घेताना अडखळते. दोष मग कार्बुरेटरच्या माथी मारला जातो!

फायरिंग ऑर्डरचेही तसेच. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या फियाटचा क्रम १-३-४-२. तो टॅक्सीवाल्यांना पाढ्यासारखा पाठ असे. याच टॅक्सी पुढे सीएनजीवर आल्या. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जोरकस ठिणगी लागते, त्यामुळे पेट्रोलवर खपून गेलेली प्लगची जुनी तार गॅसवर उघडी पडे. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि हे ज्ञान असलेले कितीतरी कारागीर तिच्या आधीच धंद्याबाहेर फेकले गेले होते.

रोधकाची ही सारी हकिगत मला फोर्टातल्या फुटपाथवर घेतलेल्या एका फाटक्या इंग्रजी पुस्तकात सापडली. शब्दकोश हाताशी घेऊन ते प्रकरण वाचायला तीन आठवडे लागले. कॉइलच्या डब्यावर बारीक अक्षरांत तेच छापलेले होते, पण गॅरेजात ते वाचता येणारा एकही जण नव्हता. मी पुस्तक घेऊन उस्तादांकडे गेलो. त्यांनी चित्र पाहिले, बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "अरे, हे आम्हांला कोणी सांगितलंच नव्हतं." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून गाडीला रोधक बसविला, तारा फिरविल्या. दुसरी कॉइल टिकली. कापलेले पैसे मात्र मालकाने परत दिले नाहीत, आणि ते मागायला माझ्याबरोबर उस्तादही आले होते.