मुठेच्या दोन काठांवरची मलमपट्टी
शनिवार वाड्यात सवाई माधवरावांची कारकीर्द चालू असताना पुण्यात जखमेवर काय बांधले जाई, याची तपशीलवार नोंद लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'च्या ऑक्टोबर 1794 च्या अंकात सापडते. इंग्रजी फौजेतील कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याचे नाक टिपूच्या कैदेत कापले गेले होते. पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने मेणाच्या मापाने त्याच्या कपाळाची कातडी सोडवली, भुवयांमधला देठ तेवढा राखून ती नाकाच्या जागी वळवली आणि पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक बसवल्या. चार दिवस त्यांना हात लावायचा नाही, मग तुपात भिजवलेली फडकी, एवढाच उपचार. विड्यातला हा कात तुरट असतो, कारण त्यातील टॅनिन हे द्रव्य प्रथिने आकसवते.

शस्त्रक्रियेची ती जखम ताजी होती आणि देठातून तिला रक्त मिळत होते, हे मात्र विसरता येत नाही. मधुमेहींच्या तळपायाची जुनाट जखम निराळी: मज्जातंतू बधिर झाल्याने चपलेतला खडा टोचलेला कळत नाही, अरुंद वाहिन्यांतून रक्त पुरेसे पोहोचत नाही, आणि जंतू चिकट थराखाली, म्हणजे जैवपटलाखाली, ठाण मांडतात.

शनिवार पेठेतून मुठा ओलांडून पुढे गेल्यावर आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था लागते (रस्ता सुधारक आगरकरांच्या नावाचा, संस्था वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकरांच्या; नवखा माणूस हमखास गोंधळतो). 1946 साली 'महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी' म्हणून सुरू झालेल्या या संस्थेतील किशोर पाकणीकर व सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 7 ते 20 नॅनोमीटर आकाराच्या चांदीच्या कणांचे जेल प्रसिद्ध केले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. चांदीचे आयन, म्हणजे तिचे विद्युतभारित अणू, शरीरातील द्रवांत लवकर निष्प्रभ होतात आणि दीर्घ वापराने त्वचा निळसर-करडी पडू शकते, ही जुन्या औषधांची अडचण होती. नव्या कणांनी ग्रॅम-ऋण या गटातील जंतूंची संख्या 5 ते 9 तासांत हजार पटींनी घटवली.

तरीही हे जेल मुख्यतः भाजलेल्या जखमा डोळ्यांसमोर ठेवून बनले होते, आणि चांदी जंतू मारत असली तरी पायापर्यंत रक्त आणत नाही. याच संस्थेने 2014 मध्ये मधुमेही उंदरांमध्ये झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांनी रक्तशर्करा उतरल्याचे दाखवले. ते कण पोटात दिले होते, जखमेवर नव्हे.