बॅकअप आणि कॉम्प्रेशन : मंडळाचे दप्तर संगणकावर जपताना

बडोद्यातल्या आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका, सभांची इतिवृत्ते, व्याख्यानांच्या कॅसेट आणि छायाचित्रे आता संगणकावर आली आहेत. कागदाला वाळवी लागते, कॅसेटला बुरशी येते आणि ते दिसते तरी. हार्ड डिस्क मात्र कसलीही सूचना न देता एखाद्या सकाळी बंद पडते. म्हणून बॅकअप हवाच. तो घेताना जागा वाचावी म्हणून फाइली दाबून लहान करतात, त्यालाच कॉम्प्रेशन म्हणतात. ते कुठे उपयोगी आणि कुठे घातक, हे इतर गावांतल्या मंडळांच्या कार्यकर्त्यांनाही कळावे म्हणून ही नोंद.

कॉम्प्रेशन कसे चालते

आरतीसंग्रहात ध्रुवपद एकदाच पूर्ण छापतात. पुढे प्रत्येक कडव्याखाली ‘॥ ध्रु. ॥’ एवढी खूण असते. झिपचे तंत्र असेच आहे. पुन्हा आलेला मजकूर न लिहिता ‘इतके मागे जा, इतके उचल’ अशी खूण ठेवायची, ही कल्पना लेंपेल आणि झिव्ह यांनी १९७७ साली मांडली. वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड संकेत द्यायचे, ही हफमन यांची १९५२ सालची पद्धत. झिपमध्ये या दोन्ही एकत्र वापरल्या जातात.

यूनिकोडमधला मराठी मजकूर त्यामुळे चांगला दबतो. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘मराठी’ या शब्दात काने-वेलांट्या धरून पाच चिन्हे, म्हणजे १५ बाइट. या तिनांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. एवढी पुनरुक्ती असल्यावर बचत होणारच.

दोन प्रकार

एका प्रकारात उघडल्यावर मूळ फाइल जशीच्या तशी परत मिळते. झिप, सेव्हन-झिप आणि ध्वनीसाठीचे फ्लॅक या प्रकारातले. दुसऱ्या प्रकारात डोळ्याला वा कानाला सहसा न जाणवणारा भाग कायमचा टाकून देतात. जेपेग आणि एमपी-३ हे त्यातले. मूळ प्रत जपायची तर पहिलाच प्रकार वापरावा. दुसरा संकेतस्थळासाठी आणि व्हॉट्सॲपसाठी ठीक आहे.

कशाला लावावे, कशाला नाही

ए-४ पान ३०० डीपीआयने रंगीत स्कॅन केले तर न दाबलेली टिफ फाइल सुमारे २६ एमबी होते. अशा फाइलींत कॉम्प्रेशनने खरी बचत होते. तासाभराचे व्याख्यान सीडीच्या दर्जाने वेव्ह फाइलमध्ये घेतले तर सुमारे ६३५ एमबी लागतात. फ्लॅकमध्ये ते साधारण निम्म्यावर येते आणि आवाजातले काहीही जात नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी-३ मध्ये ते ५८ एमबीवर येते, पण गेलेला आवाज पुन्हा मिळत नाही.

जेपेग छायाचित्रे, एमपी-४ चित्रफिती आणि स्कॅन केलेल्या बहुतेक पीडीएफ आधीच दाबलेल्या असतात. त्यांना झिप करून वेळ जातो, जागा फारशी वाचत नाही. पिळलेल्या कपड्यातून पुन्हा पाणी निघत नाही, तसे.

आमची चूक

एका वर्षी आम्ही स्मरणिकांचे सगळे स्कॅन एकाच मोठ्या झिपमध्ये भरले. पेन ड्राइव्हवर प्रत पुरती होण्याआधीच तो काढला गेला. जुना संगणक भंगारात गेल्यावर ते लक्षात आले. झिपमधली फाइलींची यादी शेवटी असते. शेवटच तुटल्याने काहीच उघडेना. प्रत्येक फाइलीपुढे तिची छोटी नोंद असते, म्हणून दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने सुरुवातीचे बरेचसे अंक परत मिळाले. शेवटचे मिळाले नाहीत. त्यांतल्या काहींच्या छापील प्रतीही आता आमच्याकडे नाहीत.

सेव्हन-झिपच्या सलग, म्हणजे ‘सॉलिड’, गठ्ठ्यात धोका आणखी मोठा. तिथे सगळ्या फाइली एकच धागा धरून दाबल्या जातात. मधे बिघाड झाला तर पुढचेही जाऊ शकते. ज्या पानावर ध्रुवपद छापले तेच फाटले, तर पुढच्या खुणांना अर्थ उरत नाही.

काय पाळावे

१. एकच मोठा गठ्ठा करू नये. वर्षवार किंवा अंकवार वेगळी झिप करावी. एफएटी-३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबी वा त्याहून मोठी फाइल मावतही नाही.

२. गठ्ठा केल्यावर प्रोग्रॅममधली ‘टेस्ट’ चालवावी. झिपमध्ये प्रत्येक फाइलीचा पडताळा-अंक असतो. बिघाड त्यावरून कळतो, दुरुस्त मात्र होत नाही.

३. फाइलनावे रोमन लिपीत आणि अंकांत ठेवावीत. झिपच्या नियमांत यूनिकोड नावांची सोय २००६ साली आली. जुन्या प्रोग्रॅममध्ये मराठी वा गुजराती नावांची प्रश्नचिन्हे होतात.

४. यूनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइलींसोबत तो फाँटही ठेवावा. शिवाय एक पीडीएफ करावी, जिच्यात फाँट अंतर्भूत असेल.

५. सभासदांची यादी किंवा हिशेब कुलूपबंद करायचे असतील तर आधी दाबावे, मग कुलूप लावावे. कुलूप लावलेल्या मजकुरात पुनरुक्ती उरत नाही, म्हणून तो दबत नाही.

६. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या घरी. वाचलेली जागा आणखी एका प्रतीसाठी वापरावी.

७. वर्षातून एकदा दुसऱ्या संगणकावर बॅकअप उघडून पाहावा. आम्ही वार्षिक सभेआधीचा रविवार त्यासाठी ठेवला आहे.

जागा कमी पडली तर नवी डिस्क विकत मिळते. स्मरणिकेचा हरवलेला अंक मिळत नाही. ज्यांच्या घरी आमच्या मंडळाचे जुने अंक असतील त्यांनी स्कॅनसाठी द्यावेत. काम होताच ते परत केले जातील.