मोहाची धार आणि मोहोरबंद बाटली

घरी आंबवलेली बिअर बाटलीत भरताना जी सांडलवंड होते, तिचे मूळ त्या पेयाच्या स्वरूपातच असते. तळाशी यीस्टचा साका बसलेला असतो, द्रवात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळलेला असतो, आणि बाटलीत थोडी साखर घालून द्रव पुन्हा आंबू द्यायचा असल्यामुळे साका न ढवळता व फेस न उसळू देता तो सगळाच्या सगळा एका भांड्यातून दुसऱ्यात न्यावा लागतो. नागपूरच्या परिसरात, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्यापासून वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत पसरलेल्या मोहाच्या प्रदेशात, घरगुती मद्यनिर्मितीने निराळी वाट धरली. येथे आंबलेला द्रव मडक्यातून हलवलाच जात नाही. त्याची वाफ तेवढी बाहेर पडते आणि थंड होऊन दुसऱ्या भांड्यात धार धरते. बाटली या व्यवहारात फार उशिरा आली, आणि तिला येथे आणले ते मुख्यतः सरकारच्या महसुलाने.

मोहाची फुले मार्च-एप्रिलच्या सुमारास पहाटे गळतात. ती मांसल व पिवळसर पांढरी असतात, आणि वाळवल्यावर त्यांच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो, त्यामुळे ती वर्षभर साठवता येतात आणि अन्न म्हणूनही उपयोगी पडतात. वाळलेली फुले पाण्यात काही दिवस भिजवली की त्यांवरील नैसर्गिक यीस्टमुळे ती आंबू लागतात. या आंबलेल्या मिश्रणाला सडवा म्हणतात. सडव्याचे मडके चुलीवर ठेवून त्यावर दुसरे भांडे बसवतात, सांध्यांना ओली माती व चिंध्या लिंपून वाफ कोंडतात, आणि वर गार पाण्याचे भांडे ठेवतात किंवा बांबूच्या नळीने वाफ पाण्यात ठेवलेल्या मडक्यात उतरवतात. मद्यार्क सुमारे 78 अंश सेल्सियसला उकळतो व पाणी 100 अंशांना, म्हणून आच मंद ठेवली तर आधी मद्यार्काचा भाग अधिक येतो. ‘पहिल्या धारेची’ दारू कडक असते ती याच कारणाने. वरचे पाणी तापले की बदलावे लागते, आणि ते किती वेळा बदलले यावरून गाळणारी व्यक्ती दारूच्या कडकपणाचा अंदाज बांधते. लिंपण तडकले तर वाफ वाया जाते, आच वाढली तर सडवा करपतो किंवा उतू येऊन धारेत मिसळतो. सारे कौशल्य या दोन गोष्टी सांभाळण्यात असते, आणि गाळ मडक्यातच राहत असल्यामुळे तो वेगळा करण्याचा प्रश्न उरत नाही.

गोंड समाजात हे मद्य जन्म, विवाह, मृत्यू आणि देवाच्या पूजेशी जोडलेले आहे. ते ठरावीक प्रसंगासाठी गाळले जाई, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरले जाई आणि पानाच्या द्रोणातून दिले जाई. दूरच्या बाजारासाठी ते टिकवून ठेवण्याची गरज नव्हती. नागपूर शहर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने वसवले, ही बाब या संदर्भात विसरता येत नाही, कारण मोह हा या शहरासाठी बाहेरून आलेला जंगलमाल कधीच नव्हता. गावाबाहेरच्या विक्रीसाठी दारू गाळणे हा प्रामुख्याने कलार जातीचा व्यवसाय होता, आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील 1916 च्या चार खंडांच्या ग्रंथात या जातीची स्वतंत्र नोंद आहे.

नागपूरचे भोसले राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची निर्मिती होऊन नागपूर त्याची राजधानी बनले. त्यानंतर दारू हे महसुलाचे मोठे साधन ठरले आणि दोन पद्धती शेजारी शेजारी चालल्या. आउटस्टिल पद्धतीत एखाद्या भागातील भट्टी व विक्रीचा हक्क लिलावाने मक्तेदाराला मिळे, मग तो किती गाळतो याची मोजदाद होत नसे. मध्यवर्ती भट्टीच्या पद्धतीत सरकारी आवाराच्या आतच दारू गाळावी लागे आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गॅलनवर कर भरावा लागे. पहिली पद्धत दुर्गम जंगलभागात सरकारला सोयीची होती, पण भरपूर गाळून स्वस्तात विकण्यातच मक्तेदाराचा फायदा असल्यामुळे ती खेड्यांना घातक ठरली. 1905-06 च्या अबकारी समितीनंतर कंत्राटी पुरवठ्याकडे कल वाढला. यात उत्पादन एका मोठ्या भट्टीवाल्याकडे आणि किरकोळ विक्री परवानेदाराकडे, अशी फारकत होते. 1915 मध्ये मध्य प्रांताचा अबकारी कायदा झाला आणि या साऱ्या व्यवस्थेला एकत्र चौकट मिळाली.

मुंबई इलाख्याने याहून कठोर मार्ग धरला होता. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत घरगुती गाळप थांबवण्यासाठी तेथे 1892 मध्ये मोहफुलांच्या साठ्यावरच निर्बंध घालणारा कायदा करण्यात आला. दारूऐवजी फूलच संशयित ठरवण्याची ही रीत पुढे विदर्भापर्यंत पोहोचली.

डिसेंबर 1920 मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपुरात भरले आणि असहकाराच्या चळवळीत दारूच्या दुकानांसमोरील निदर्शने शहरात महत्त्वाची ठरली. सरकारी महसुलावर घाव घालणे आणि व्यसनमुक्ती हे दोन हेतू त्यांत एकत्र होते. पुढे काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळाच्या काळात, 1938 मध्ये, मध्य प्रांत व वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा झाला.

1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि एकाच मोहवनाचे दोन कायदेशीर तुकडे झाले. नागपूरच्या राजवटीत झालेला 1915 चा अबकारी कायदा मध्य प्रदेशाने स्वीकारला व पुढे छत्तीसगडमध्येही तो चालू राहिला. विदर्भाला मात्र मुंबईचा 1949 चा दारूबंदी कायदा लागू झाला. मध्य प्रदेशात अनुसूचित जमातींना घरगुती वापरासाठी मोहाची दारू गाळण्याची मर्यादित मुभा मिळाली, महाराष्ट्रात तीच कृती गुन्हा राहिली. महाराष्ट्र देशी मद्य नियम 1973 चे आहेत, आणि त्यांच्या चौकटीत मोहोरबंद बाटली हेच परवानाधारक देशी दारूचे रूप ठरले. बाटलीवरील ‘25 यू.पी.’ या खुणेचा अर्थ असा की दारू प्रमाण तीव्रतेपेक्षा 25 अंशांनी सौम्य आहे, म्हणजे तिच्यात मद्यार्क सुमारे 42.8 टक्के आहे. या बाटलीतील मद्यार्क प्रामुख्याने उसाच्या मळीपासून येतो. अशा रीतीने मोहाच्या प्रदेशात साखर कारखान्याची दारू कायदेशीर झाली आणि मोहाची दारू ‘हातभट्टी’ या एकाच बदनाम नावाखाली, गूळ व नवसागर घालून केलेल्या दारूच्या रांगेत जाऊन बसली. या दोहोंची गल्लत हा प्रशासनाचा मोठा अन्याय आहे, कारण एकीमागे शतकांचे घरगुती ज्ञान आहे आणि दुसरी केवळ घाऊक नफ्यासाठी तयार होते.

तथापि मोहाच्या गौरवात स्त्रियांचे दुःख झाकले जाऊ नये. गडचिरोलीतील 1993 ची दारूबंदी लोकांच्या, त्यातही स्त्रियांच्या, दीर्घ आंदोलनातून आली. शेजारच्या चंद्रपुरात 2015 मध्ये लागू केलेली बंदी 2021 मध्ये उठवण्यात आली. त्याच वर्षी महाराष्ट्राने मोहफुलांचे संकलन व वाहतूक यांवरील निर्बंध सैल केले, तर मध्य प्रदेशाने आदिवासी बचतगटांनी गाळलेली मोहाची दारू वारसा मद्य म्हणून बाटलीत विकण्याचे धोरण पुढे नेले. फूल वेचायला मोकळीक आणि ते घरी गाळायला मनाई, ही महाराष्ट्रातील स्थिती अर्धवट आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिलेला आहे, आणि गडचिरोलीच्या गावांत घरगुती मोहाचे काय करावे हा निर्णय त्याच ग्रामसभांनी, स्त्रियांचा आवाज पुढे ठेवून, घेतला पाहिजे.