खांबांची दुसरी बाजू : एका कोरियन प्रेममालिकेच्या गल्लीचा इतिहास

‘व्हेन द कॅमेलिया ब्लूम्स’ या कोरियन मालिकेच्या भित्तिपत्रकावर नायक आणि नायिका एका दगडी जिन्यावर बसलेले दिसतात. मागे खाली लहानसे मासेमारी बंदर आणि त्यापलीकडे समुद्र. मालिका गाजल्यावर या जिन्यावर पर्यटकांची रीघ लागली. जोडपी येतात, त्याच पायरीवर तशीच बसतात, फोटो काढतात. जिन्याच्या दोन्ही बाजूंना चौकोनी दगडी खांबांची रांग आहे आणि प्रत्येक खांबावर एकेक नाव कोरलेले आहे. देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांची नावे वाचत चढण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांची नजर तिकडे लगेच जाते. या नावांचा शोध घेत गेले की प्रेमकथेच्या खाली दडलेला शंभर वर्षांचा इतिहास हाती लागतो. प्रस्तुत लेख त्या खांबांविषयी आहे.

आधी मालिकेविषयी थोडेसे. १८ सप्टेंबर ते २१ नोव्हेंबर २०१९ या काळात ती कोरियाच्या केबीएस वाहिनीवर प्रसारित झाली. लेखन लिम सांगचुन यांचे, दिग्दर्शन चा योंगहून यांचे. दोंगबेक ही अनाथ म्हणून वाढलेली, लहान मुलाला एकटीने वाढवणारी बाई ओंगसान नावाच्या समुद्रकाठच्या गावात येते आणि ‘कॅमेलिया’ नावाचा छोटा बार उघडते. नवरा नाही, पदरी मूल आहे आणि धंदा दारूचा, म्हटल्यावर गावातल्या बायका तिला जवळ करत नाहीत. योंगशिक नावाचा सरळमार्गी, काहीसा भाबडा पोलीस तिच्या प्रेमात पडतो. त्यात एका खुन्याचे सावट आहे, खेकड्याची खानावळ चालवणारी योंगशिकची खमकी आई आहे आणि भरपूर विनोदही आहे. नायिकेच्या नावातच मालिकेचे शीर्षक लपले आहे, कारण कोरियन भाषेत ‘दोंगबेक’ म्हणजेच कॅमेलियाचे फूल. नाकं मुरडणाऱ्या त्याच बायका पुढे तिच्याभोवती कडे करून उभ्या राहतात, हा कथेचा खरा प्रवास. २०२०च्या बेकसांग पुरस्कारांत दूरचित्रवाणी विभागाचा सर्वोच्च पुरस्कार या मालिकेला मिळाला.

ओंगसान नकाशावर नाही. पात्रांची बोली चुंगचोंग प्रांताची, म्हणजे कोरियाच्या पश्चिमेकडची. सोया सॉसमध्ये मुरवलेल्या ज्या खेकड्यांवर अख्ख्या गावाचे पोट चालते, तो पदार्थही पश्चिम किनाऱ्याचा. पण चित्रीकरणाचा मोठा भाग झाला तो थेट विरुद्ध, पूर्व किनाऱ्यावरच्या गुर्योंगपो या गावी. हे गाव आज पोहांग शहराच्या हद्दीत येते. तिथली ख्याती आहे ती हिमखेकड्याची आणि ‘ग्वामेगी’ची. ग्वामेगी म्हणजे हिवाळ्यातल्या समुद्रवाऱ्यावर टांगून, गोठत आणि वितळत अर्धवट सुकवलेला मासा. पूर्वी तो हेरिंगचा करत, आता बहुधा सॉरी माशाचा करतात. थोडक्यात, पडद्यावरच्या गावाची जीभ पश्चिमेची आणि घरे पूर्वेची. ती घरे मुळात बांधली जपान्यांनी. आज त्या गल्लीची ओळखच ‘जपानी घरांची गल्ली’ अशी आहे.

जपानी इथे आले ते माशांच्या मागे. १८७६च्या गांगह्वा तहाने कोरियाची बंदरे जपानी व्यापाराला खुली झाली. १८८३च्या व्यापार नियमांनी जपानी कोळ्यांना कोरियाच्या चार प्रांतांच्या किनाऱ्यावर मासेमारीची मुभा मिळाली आणि १८८९च्या करारात परवान्यांची घडी बसवण्यात आली. कागदावर ही सवलत परस्परांना होती. प्रत्यक्षात कोरियन कोळ्याने होडी घेऊन जपानच्या किनाऱ्यावर जावे अशी परिस्थितीच नव्हती. जपानच्या बाजूला मात्र सेतो या अंतर्गत समुद्रात होड्या फार आणि मासा कमी अशी अवस्था झाली होती. त्या समुद्राच्या काठावरचे कागावा आणि ओकायामा हे प्रांत म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्यांची वस्ती. तिथले कोळी आधी हंगामापुरते आले. मासा धरून परत जात. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते गुर्योंगपोला घरे करून राहू लागले. १९०५मध्ये कोरिया जपानचे संरक्षित राज्य झाले आणि १९१०मध्ये साम्राज्यात विलीन झाले. हंगामी कोळ्याचे वसाहतवाल्यात रूपांतर झाले ते याच काळात.

त्यांना हवी असायची सावारा, म्हणजे आपल्या सुरमईची सख्खी भावंड म्हणावी अशी मासळी. शिवाय बांगड्याच्या जातीचा मासा आणि पुढे तारली. १९२०च्या दशकात बंदराला धक्का झाला आणि गावाचे रूप पालटले. धक्क्यामागच्या अरुंद रस्त्यावर दुमजली लाकडी घरे उभी राहिली, खाणावळी, मिठाईची दुकाने, दारूचे गुत्ते, प्रवाशांसाठी उतारघरे झाली. कागावाहून आलेला हाशिमोतो झेनकिची हा या बंदरातला एक धनाढ्य. त्याने आपले दुमजली घर बांधण्यासाठी सामान थेट जपानहून आणवले. आजही ते घर उभे आहे. मागच्या टेकडीवर जपान्यांनी शिंतो देवस्थान उभारले आणि १९४४मध्ये तिकडे चढणाऱ्या जिन्याच्या दुतर्फा १२० खांब बसवले. बंदर आणि गाव घडवण्यात ज्यांचा हातभार लागला, अशा जपानी रहिवाशांची नावे त्यांवर कोरली. हेच ते भित्तिपत्रकावरचे खांब.

१९४४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. वर्षभरातच, १५ ऑगस्ट १९४५ला, जपानने शरणागती पत्करली. कोरियात त्या वेळी सुमारे सात लाख जपानी नागरिक होते. काही महिन्यांत बहुतेकांना हाती लागेल ते घेऊन परतावे लागले. गुर्योंगपोतली गल्लीही रिकामी झाली. ज्यांनी दगडावर नाव कोरून कायमचे राहण्याची खूण केली होती, त्यांना त्या दगडाकडे बघत वर्षभरच राहता आले.

मग गावाने खांबांचे काय केले? फोडले नाहीत. कोरलेल्या नावांवर सिमेंट थापून ती बुजवली आणि खांब पाठीमागे फिरवून पुन्हा उभे केले. टेकडीवर एका जपानी पुढाऱ्याच्या गौरवाचा शिलालेख होता, त्यावरही सिमेंट फासले गेले. पुढची काही वर्षे खांबांची कोरी पाठ जिन्याकडे राहिली.

ही पाठ पुन्हा भरली ती दुसऱ्या युद्धानंतर. ऑगस्ट १९५०मध्ये उत्तर कोरियाचे सैन्य पोहांगपर्यंत येऊन भिडले. याच लढाईत किनाऱ्यावर कोंडीत सापडलेली दक्षिण कोरियाची तिसरी डिव्हिजन जहाजांतून काढून गुर्योंगपोला उतरवण्यात आली आणि तिथून पुन्हा आघाडीवर गेली. परिसरातली पुष्कळ मुले या युद्धात गेली. १९६०मध्ये गावाने देशासाठी प्राण दिलेल्यांच्या नामपट्ट्या ठेवण्यासाठी टेकडीवर स्मारकवास्तू उभी केली. तिला मदत करणाऱ्यांची नावे कोरण्यासाठी नवे दगड आणले नाहीत, जिन्यावरचेच खांब वापरले. आज जिना चढणाऱ्याला दिसतात ती या कोरियन देणगीदारांची नावे. मागल्या अंगाला, सिमेंटखाली, जपानी नावे आहेत.

या घटनेचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. द्वेष असा की नाव दिसणेही नको, हा एक. गरीब गावाला घडवलेला दगड फेकून देणे परवडणारे नव्हते, हा दुसरा. माझ्या मते दोन्ही एकाच वेळी खरे आहेत आणि म्हणूनच हे खांब मला कोणत्याही स्मारकापेक्षा बोलके वाटतात. गावाने वसाहतीचा वारसा नाकारला आणि वापरलाही. ज्या जिन्याने शिंतो देवाकडे जायचे, त्याच जिन्याने आता आपल्या पोरांच्या स्मारकाकडे जायचे असे ठरवले. हा निर्णय गावकऱ्यांचा होता, हे महत्त्वाचे.

घरांचेही तेच झाले. जपानी मालकांच्या मागे राहिलेल्या घरांना कोरियनमध्ये ‘जोकसान गाओक’ म्हणतात, म्हणजे शत्रूची मालमत्ता असलेली घरे. अमेरिकी लष्करी प्रशासनाने ती ताब्यात घेतली आणि पुढे ती कोरियन कुटुंबांकडे गेली. या कुटुंबांनी त्या घरांत संसार केले, भिंती बदलल्या, मुले वाढवली. हिशेब केला तर जपानी इथे राहिले जेमतेम चाळीस वर्षे. १९४५पासून मालिकेच्या प्रसारणापर्यंत कोरियन कुटुंबे राहिली ती चौऱ्याहत्तर वर्षे. मग ही घरे कोणाची म्हणायची?

कोरियाने या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळ्या काळी वेगवेगळी दिली आहेत. सेऊलमध्ये जपानी गव्हर्नर जनरलची भव्य इमारत १५ ऑगस्ट १९९५ला, मुक्तीच्या पन्नासाव्या वर्धापनदिनी, पाडायला सुरुवात झाली. पंधरा वर्षांनी, २०१०मध्ये, पोहांग महापालिकेने हाशिमोतोचे घर विकत घेऊन दुरुस्त केले आणि तिथे गुर्योंगपोचे आधुनिक इतिहास संग्रहालय सुरू झाले. सत्तेचे आसन पाडणे आणि कोळ्याचे घर राखणे यांत विसंगती आहेच असे नाही. पण राखलेल्या घराने काय सांगायचे, हा प्रश्न उरतोच.

दूरचित्रवाणीने तो परस्पर सोडवला. १९९१मध्ये सुरू झालेल्या ‘आइज ऑफ डॉन’ या गाजलेल्या मालिकेचे चित्रीकरण याच गल्लीत झाले होते. तिची नायिका जपानी सैन्याने लैंगिक गुलामगिरीत ढकललेली कोरियन तरुणी होती. तिथे या लाकडी घरांनी वसाहतकाळाची भूमिका केली. अठ्ठावीस वर्षांनी त्याच घरांनी ‘आपले गाव’ ही भूमिका केली. तीच कौले, तेच सरकते दरवाजे, पण आता त्यांच्याआड शेजारणींच्या कुजबुजी, खेकड्यांची पातेली आणि संध्याकाळी शाळेतून परतणारा दोंगबेकचा मुलगा.

हा बदल घडला तो काळही पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर २०१८मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातील सक्तीच्या मजुरांना जपानी कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला. जुलै २०१९मध्ये जपानने अर्धवाहक उद्योगाला लागणाऱ्या रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. कोरियात जपानी मालावर बहिष्काराची लाट उसळली, जपानी बिअर दुकानांतून दिसेनाशी झाली, जपानच्या सहली रद्द झाल्या. त्याच सप्टेंबरात ही मालिका सुरू झाली आणि शेवटच्या भागाला प्रेक्षकसंख्या २३.८ टक्क्यांवर पोहोचली. बहिष्काराच्या ऐन भरात देशाने आपुलकीचे गाव म्हणून जी गल्ली डोक्यावर घेतली, ती जपानी कोळ्यांनी बांधलेली होती.

याला कोणी विस्मरण म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. मालिकेच्या कथेचा तो विषयच नाही. पायरीवर बसून फोटो काढणाऱ्याला खांबाची मागली बाजू बघायचे कारण उरत नाही. सुंदर चित्र इतिहास पुसत नाही हे खरे, पण त्याच्यासमोर उभे राहते. दोन वर्षांनी, २०२१मध्ये, ‘होमटाऊन चा-चा-चा’ या दुसऱ्या लोकप्रिय प्रेममालिकेने पोहांगच्याच चोंगहा बाजारात गोंगजिन हे काल्पनिक गाव वसवले. तिथेही पर्यटक आले. पडद्यावरचे गाव खऱ्या गावाच्या अंगावर असे चढत जाते, आणि मासळी घटलेल्या, तरुण शहरात गेलेल्या किनाऱ्याला ते हवेही असते. त्यांच्या पोटाचा प्रश्न दूर बसून हसण्यावारी नेण्याजोगा नाही.

तरी मला मालिकेची बाजू घ्यावीशी वाटते, ती वेगळ्या कारणाने. दोंगबेक ओंगसानची नाही. तिच्याकडे कूळ नाही, नाते नाही. ती राहते, राबते, मूल वाढवते आणि एके दिवशी गाव तिला आपली म्हणते. गाव कोणाचे, याचे उत्तर मालिका जन्मावरून देत नाही, राहण्यावरून देते. गुर्योंगपोच्या लोकांनी जिन्याबाबत नेमके हेच केले होते. फरक इतकाच, की दोंगबेक कोणाला हुसकावून, कोणाच्या जमिनीवर सत्तेच्या बळावर आली नव्हती. कागावाचे कोळी साम्राज्याच्या पाठबळावर आले. राहिले म्हणून आपले झाले, हा न्याय त्यांना लावता येत नाही. त्यांच्या गुर्योंगपोत जन्मलेल्या मुलांचे मात्र अवघड होते. जपानला परतल्यावर या कुटुंबांनी गुर्योंगपोच्या नावाने मंडळ स्थापन केले आणि पुढे त्यांतले काही जुने गाव पाहायलाही आले. बालपण जिथे गेले ते गाव आठवणे हा गुन्हा नाही, पण ते बालपण कोणाच्या खर्चाने मिळाले हेही त्या आठवणीत असायला हवे.

शोधताना आणखी एक गोष्ट समोर आली. कॅमेलियाचे जे लाल फूल दोंगबेक म्हणून कोरियन मनाला इतके जवळचे, त्याचे लिनियसने दिलेले शास्त्रीय नाव आहे ‘कॅमेलिया जॅपोनिका’. झाड कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि जपानमध्ये दोन्हीकडे मूळचेच. नाव कोरणारा कोण, यावर पुष्कळ अवलंबून असते.

ही मालिका आपल्याकडेही उपशीर्षके वाचत पाहणारे पुष्कळ आहेत. पुढच्या वेळी जिन्याचे दृश्य आले की क्षणभर थांबवावे आणि खांब पाहावेत. दिसतील ती १९६०मध्ये पदरचे पैसे घालून गेलेल्या मुलांचे स्मारक उभारणाऱ्या कोळ्या-दुकानदारांची नावे. ती पुढे राहावीत हेच योग्य. मागचे सिमेंटही तसेच राहू द्यावे, मात्र त्याखाली काय आहे हे तिथे येणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी सांगत राहावे.