कारण केव्हा शोधायचे? श्यूहार्ट यांच्या तक्त्याची गोष्ट

इथे तोरणमाळला अंगणवाडीताई दरमहा मुलांची वजने घेऊन तक्त्यावर ठिपका मांडतात. ठिपका खाली आला की आपण विचारतो, का? बरोबरच आहे. आज मात्र आपल्याला दुसऱ्या एका तक्त्याचा इतिहास बघायचा आहे. 'का?' हे विचारायचे तरी केव्हा, ते तो सांगतो.

१६ मे १९२४. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक ही टेलिफोनची सामग्री बनवणारी कंपनी. तिथल्या वॉल्टर श्यूहार्ट यांनी वरिष्ठांना एक पानभर टिपण दिले, त्यात एक आकृती होती. मधे सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादा. आता बघा, एकाच यंत्रावरचे दोन नगही तंतोतंत सारखे नसतात. हा फरक कामाच्या पद्धतीतच मुरलेला असतो. ठिपके मर्यादेच्या आत आपले वरखाली होत असतील, तर एकेकाचे कारण शोधू नये. दर वेळी यंत्राला हात लावला तर फरक उलट वाढतो. ठिपका बाहेर पडला की मात्र थांबायचे, शोधायचे.

आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना गंमत अशी वाटते, की श्यूहार्टवर क्लॅरेन्स लुइस या तत्त्वज्ञाचा मोठा प्रभाव होता. कारखान्याच्या आकड्यांत ते ज्ञानाचाच प्रश्न बघत होते.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८च्या हिवाळ्यात श्यूहार्ट भारतात आले. डेमिंग यांची जपानमधली गाजलेली व्याख्याने १९५०ची, म्हणजे त्यानंतरची, बरं का! पुढे भारतीय सांख्यिकी संस्थेने मुंबईसारख्या औद्योगिक शहरांत गुणवत्ता नियंत्रणाची केंद्रे काढली.

आता अंगणवाडीकडे परत येऊ. मुलाच्या तक्त्यावरच्या रेघा बाहेरून आलेल्या आहेत, जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मानकांवरून. मूल कुठे असायला हवे, ते त्या सांगतात. श्यूहार्टच्या मर्यादा त्या कामाच्याच आकड्यांतून निघतात. आहे ही व्यवस्था काय देते, एवढेच त्या सांगतात. म्हणून दोन्हींची गल्लत नको. एखाद्या मुलाचे वजन घटले तर त्याच्याकडे लगेच बघायलाच हवे, तिथे थांबायचे नाही. पण कमी वजनाची मुले या महिन्यात दोन वाढली म्हणून ताईंना नोटीस, पुढच्या महिन्यात दोन घटली म्हणून सत्कार, हे दोन्ही बहुधा निराधार. आणि आकडा मर्यादेत आहे म्हणजे सारे ठीक, असेही नाही. व्यवस्था स्थिरपणे वाईटही असू शकते! तेव्हा बदलायचा असतो आहार, रस्ता, मजुरीसाठीचे स्थलांतर. आणि यातले काही ताईंच्या हातात नाही.

चला, फळ्यावर बारा महिने मांडून बघू.